उशिरा पोचलेले पतंग

मी रेवतीचा लॅपटॉप बोलतोय. आधी पंख्याची घरघर ऐकू येते, शब्द मागून येतात. सांभाळून घ्या.

माझं पहिलं आयुष्य नांदुऱ्यात, एका जिनिंगच्या ऑफिसात गेलं. दिवसभर कापसाच्या गाड्यांचे आकडे साचायचे, संध्याकाळी मी ते जुळवायचो. निवांत काम. मग रेवतीनं मला जुनाच विकत घेऊन खेड्यात सासरी आणलं. कॉम्प्युटर शिकलेली मुलगी. मांडीवर तान्हा शौनक, शेजारी मी. दोघांपैकी कोण कधी तापेल, याचा तिला सदा घोर.

तिला मला नवं वळण लावायचं होतं. साचवायचं नाही, येईल तसं मोजायचं. कपाशीत तिनं सापळा लावला होता. त्यातल्या वासाला भुलून गुलाबी बोंडअळीचे पतंग येतात. पतंग पडला, की सापळ्यावरचा डबा मला मोबाईलच्या रेंजवरून निरोप धाडायचा. एका रात्रीत फार झाले तर मी भोंगा वाजवायचा. आम्ही दोघं व्हिडिओ बघून शिकत होतो. व्हिडिओ अर्ध्यावर आला की शौनक जागा.

सासरे निवृत्तीमामा म्हणाले होते, "बीटी कपाशीले अळी लागत नाही म्हनत, लागलीच नं? गेल्या साली बोंड फोडलं तं अळी आत बसेल होती. पाहू तुह्या डब्याचं. पन एक डाव खोटा वाजला का उपटून फेकतो."

एका सकाळी निरोपांचा पूर आला. मी जीव खाऊन वाजलो. मामांनी तोंडाला रुमाल बांधला, फवारणीचा पंप पाठीला लावला.

"खरंच एवढे? की माझंच काही चुकलं?" रेवती पुटपुटली. हा तिचा रोजचा प्रश्न, माझाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सासूबाईंचा, पुष्पाबाईंचा, आवाजी निरोप. "रेवती, शौनक लय रडून राह्यला वं, लवकर ये!"

ती धडपडत आत पळाली. शौनक पुष्पाबाईंच्या खांद्यावर गाढ झोपलेला.

"अवं, तो निरोप तं कालचा. तू बाजारात होती तवाचा. दोन दिवस टावर बंद होता नं, आता पोचला असन."

रेवती थबकली. मग अनवाणीच अंगणात धावली. "मामाजी, थांबा! हे पतंगही आजचे नाहीत. टावर बंद होता तेव्हाचे, सगळे एकदम पोचलेत!"

"म्हनजे खोटाच वाजला?"

"पतंग खरे आहेत मामाजी, पण शिळे. यानं ताजे समजून मोजले."

"तू अन तुहं यंत्र," पुष्पाबाई हसल्या, "दोघंबी सारखेच भेदरट!"

पंप पाठीवरच होता. रेवतीनं घाईघाईनं मला समजावलं: निरोप पोचला कधी ते सोड, पतंग पडला कधी ते वाच. ती वेळ डबा प्रत्येक निरोपात लिहीतच होता. आम्हीच पाहिली नव्हती. मी एकेक पतंग ज्याच्या त्याच्या रात्री नेऊन बसवला. कुठल्याच रात्री फार नव्हते.

मामांनी पडद्यावरची एकेक रात्र बोटानं तपासली. पंप उतरवला. "राहू दे डबा."

आता माझं एक बिजागर निखळलंय, दोन कळा शौनकनं उपटल्यात. तरी रोज सकाळी मामा विचारतात, "सूनबाई, काय म्हन्ते तुहं यंत्र?" ती म्हणते, "जरा दम धरा मामाजी, मागं राहिलेले येऊ द्या." मग ते नातवाला मांडीवर घेऊन बसतात.

माझी एवढीच विनंती. मी वाजलो, की घाबरण्याआधी मला विचारा, "केव्हाचं?"

मी रागावणार नाही. मला आता सांगता येतं.