थांबलेली बंडी

सुरभीचं मॉडेल बरोबर होतं, आणि म्हणूनच राजकुमारची नोकरी जाणार होती.

पुसदजवळच्या एका जिनिंगमध्ये कापसाचा वजनकाटा आपोआप चालतो. आत यायचं फाटक, मग काटा, मग बाहेरच्या वाटेवर सेन्सर. सॉफ्टवेअर सुरभीचं. ते तिनं आधी प्रक्रिया-बीजगणितात मांडलं होतं. नावाला घाबरायचं कारण नाही. कोणता भाग कशानंतर काय करतो ते चिन्हांत लिहायचं. काही कृती दोघांनी मिळूनच करायच्या, एकट्या बैलाला जू ओढता येत नाही तशा. मग संगणक सगळ्या शक्यता चाळतो आणि सांगतो, हे एकमेकांची वाट बघत कुठं अडकतील का. त्यानं सांगितलं होतं, नाही.

तरी फाटक अडकायचं. ऑपरेटर राजकुमार राठोड ते हातानं उचलायचा, आणि दर वेळी यंत्रात त्याच्या नावावर नोंद व्हायची.

मॅनेजर मारोतरावांना तेवढंच पाहिजे होतं. "मशीन बरोबर, म्हंजे मानूस चूक. तांड्याचं पोट्टं आहे मॅडम. त्याच्यावाल्यांच्या बंड्या आल्या का फाटक अडकते. तुम्ही फक्त लिहून द्या."

ज्यांना माणूस काढायचा असतो, त्यांना गणित फार आवडतं.

सुरभीनं लगेच लिहून दिलं नाही. काट्याजवळ खुर्ची टाकून बसली. पिकअप येत होते, वजन करून जात होते. भाड्याचे ड्रायव्हर, त्यांना पुढची खेप. दुपारी राजकुमारच्याच बंजारा तांड्यावरच्या दोन बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आल्या. लालसिंगचं वजन झालं. तो थोडा पुढं गेला आणि बाहेरच्या वाटेवर बैल थांबवून उभा राहिला. मागं नेमसिंग फाटकाबाहेर. फाटक उघडेना.

"काहून बे राजकुमार, मुहूर्त काढून राह्यला का?" नेमसिंग ओरडला.

"काका, मशीन नाही म्हनते, मी काय करू?"

सुरभी लालसिंगजवळ गेली. "काका, पुढे का जात नाही?"

"नेमसिंगचं व्हायचं आहे ना."

"पण तुमचं तर झालं."

"मंग? तांड्यातून संगं निघालो, संगंच जाऊ. जोडीदाराले टाकून गेलो तर घरवाली भाकर देईन का मले?"

बाहेरची वाट मोकळी झाल्याशिवाय फाटक उघडायचं नाही, हा नियम सुरभीनंच घातला होता. तिनं मागं वळून पाहिलं. "राजकुमार, हे रोज असेच थांबतात? मला बोलला का नाहीत?"

"त्यात काय सांगाचं मॅडम?" त्याला खरंच कळेना. "थांबतेच ना मानूस."

तिनं लॅपटॉप मांडीवर उघडला. तिच्या मॉडेलमध्ये गाडी तीनच गोष्टी करायची: ये, वजन दे, जा. तिनं मधे एक कृती घातली: जोडीदाराचं होईपर्यंत थांब. संगणकानं क्षणात दाखवलं. फाटक लालसिंगच्या जाण्याची वाट बघतंय, लालसिंग नेमसिंगची, नेमसिंग फाटकाची. तिघंही बरोबर, आणि तिघंही जागच्या जागी.

मारोतराव स्क्रीनकडं न बघताच म्हणाले, "मंग त्यायले सांगा, थांबू नका म्हना. एवढं कायले डोकं लावता?"

"कापूस त्यांचाच घेता ना? मग सेन्सर पुढं सरकवा, एका बंडीला थांबायला जागा सोडा. नियम मी बदलते."

"अन् रिपोर्टात काय लिहू?"

"चूक माझी. मी गाड्या मांडल्या, माणसं मांडली नाहीत. असंच लिहा, आणि माझं नाव टाका."

"तुमची कंपनी खूश होईन का?"

"नाही होणार."

तिनं तिथंच बसून ते कंपनीला पाठवून दिलं. मग म्हणाली, "राजकुमार, उचला फाटक."

त्याचा हात दांड्यावर थांबला. "पुन्हा नोंद होईन मॅडम."

"होऊ द्या. कारण मी लिहिते."

त्यानं फाटक उचललं. नेमसिंगचे बैल काट्यावर चढले. पुढून लालसिंग ओरडला, "ये रे नवरदेवा, वरात खोळंबली!"