दाजींची हवाबंद पेटी

धाकटीचे दाजी आयुष्यभर विमा कंपनीत सर्व्हेअर होते. फुटलेल्या, जळलेल्या, भिजलेल्या वस्तूंसमोर उभं राहून मान हलवायची, हे त्यांचं काम. त्यामुळे जगात धड राहिलेली वस्तू ही फक्त अजून न फुटलेली वस्तू असते, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. निवृत्त झाल्यावर मान हलवायला समोर काही उरलं नाही, तेव्हा त्यांची नजर मेव्हणीच्या कॅमेऱ्यावर गेली.

धाकटी फोटोग्राफर. कॅमेरा, लेन्सा, फ्लॅश, चार्जर असा सगळा संसार ती एका कापडी झोळीत कोंबून फिरायची. ती झोळी पाहून दाजींची झोप उडाली.

"मेव्हणीबाई, ही बॅग नाही, हा अपघात आहे. व्हायचा राहिलाय एवढंच."

मग बॅगा सुरू झाल्या. पहिली पाठीवरची. तिला इतके कप्पे की एकदा धाकटी बॅटरी शोधत होती तोवर लग्नाचे हार घालून झाले. दुसरी चाकांची. फरशीवर ओढली की रणगाडा आल्यासारखा आवाज व्हायचा, आणि एका शोकसभेत सगळी सभा उठून उभी राहिली. तिसरी म्हणजे घडीची हातगाडी. ती एकदा उघडली की मिटायची नाही. सध्या ती ताईच्या गॅलरीत उभी आहे आणि तिच्यावर कुंड्या छान दिसतात.

शेवटी दाजी स्वतः धाकटीला घेऊन दुकानात गेले.

"ही वरून पडली तर?" काळ्या कडक पेटीवर टिचकी मारत त्यांनी विचारलं.

"काही होत नाही," दुकानदार म्हणाला.

"पाण्यात पडली तर?"

"तरंगते."

"वर ट्रक गेला तर?"

"काका, ट्रक येईपर्यंत तुम्ही पेटी रस्त्यात कशाला ठेवाल?"

"मी नाही हो ठेवणार. पण ठेवणारे मी पाहिलेत."

दाजी पेटीवर उभे राहिले. मग धाकटीलाही वर घेतलं. दोघं दुकानाच्या मधोमध, पेटीवर, एकमेकांचे खांदे धरून उभे. दुकानदाराने उरलेली गिऱ्हाइकं हळूच दुसऱ्या बाजूला वळवली. पेटी पास झाली.

घरी दाजींनी आतला फोम कापला. कॅमेऱ्याला कॅमेऱ्याच्या आकाराचं घर, लेन्सला लेन्सचं, लेन्स पुसायच्या फडक्यालासुद्धा चौकोनी घडीचं घर. सगळं झाल्यावर त्यांना पेटीच्या पुढच्या बाजूला एक बारीक स्क्रू दिसला. तो फिरवला तर आत भोक!

"हवाबंद म्हणून विकतात, आणि भोक! सर्व्हेअरला फसवताय?"

गळक्या नळाला लावतात तसली लांबी त्यांनी मळली, भोक बुजवलं, वरून अंगठ्याने गुळगुळीत केलं. काम इतकं सुबक झालं की भोक होतं हे त्यांनाही पुन्हा सापडलं नसतं.

त्याच आठवड्यात धाकटीला आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. रंगभूमीवरच्या एका थोर बाईंचा फोटो, एका मासिकाच्या मुखपृष्ठासाठी. बाई कित्येक वर्षं कुणाला फोटो काढू देत नव्हत्या. 'जरा हसा' म्हणणाऱ्या एका फोटोग्राफरला त्यांनी जिन्यापर्यंत हाकललं होतं म्हणे. आता कशाबशा तयार झाल्या होत्या. दुपारी अर्धा तास, मग त्या झोपणार. फोटो जमला तर मासिकाचं कायमचं काम धाकटीला मिळणार होतं. नाही जमला, तर पुन्हा बारसं आणि साखरपुडा.

त्या दिवशी सकाळी डोंगरावरच्या एका हॉटेलात खोल्यांचे फोटो काढायचे होते. ते झाले. दाजींनी एकेक वस्तू तिच्या तिच्या घरात झोपवली, झाकण दाबलं, खटके लावले. ताईने व्हॅन काढली. वळणावळणांचा घाट उतरून सगळे बाईंच्या दारात वेळेवर हजर झाले.

बाई खुर्चीत बसल्या होत्या. पाठ ताठ, केस पांढरेशुभ्र.

"घड्याळ लावलंय मी," त्या म्हणाल्या. "कर सुरू, मुली."

धाकटीने खटके उघडले. झाकण उचलायला गेली. उचललंच गेलं नाही.

"दाजी, कुलूप लावलंत?"

"छे! थांब, युक्ती असते त्याला." दाजींनी हात लावला. युक्ती नव्हती. मग त्यांनी पेटी गुडघ्यांत धरली. मग ती उलटी धरली. मग धाकटीने खालून धरली आणि दाजींनी वरून ओढली, तर दोघं पेटीसकट खोलीभर फिरून आले.

"नाच बरा आहे," बाई म्हणाल्या. "फोटो कधी?"

"बाई, तोवर फोनने दोन काढू का?" धाकटीने घाबरत विचारलं.

"फोनने? मी काय विजेचं बिल आहे?"

दाजींनी नेलकटर काढला. झाकणाच्या फटीत घातला. नेलकटर तुटला. दाजींच्या चेहऱ्यावर दुःखाच्या आड थोडा अभिमान होता, तो धाकटीला दिसला आणि तिचं डोकं आणखी फिरलं.

"हसताय काय? माझं काम चाललंय हातचं!"

"हसत नाही गं. पण मजबुती बघ ना!"

तेवढ्यात ताई व्हॅनमधून पाण्याची रिकामी बाटली घेऊन आत आली. "अहो, हे बघा काय झालं. वर पाणी संपवून झाकण घट्ट लावलं होतं. खाली येईपर्यंत बाटली अशी चेपली. कुणी बसलं का हिच्यावर?"

धाकटीने बाटलीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, मग दाजींकडे.

"दाजी, वरची हवा विरळ. ती आत कोंडली आपण. इथली हवा आता बाहेरून दाबतेय. बाटली चेपली, पेटी चेपत नाही, म्हणून झाकण चिकटलंय. हवा आत सोडायला पेटीला काहीतरी असणार. एखादा स्क्रू, भोक, काही होतं का?"

दाजींनी छताकडे पाहिलं.

"होतं," ते म्हणाले.

"होतं म्हणजे?"

"आता नाही."

ताईने कपाळाला हात लावला. "लांबी! तरी म्हटलं माझ्या पोळपाटावर राखाडी डाग कसले!"

लांबी खरवडून पाहिली. दगड झाला होता तिचा. दाजी कधीच कच्चं काम करत नसत.

"मग आता एकच," धाकटी रडवेली होऊन म्हणाली. "पेटी परत वर न्यायची. तिथली हवा मिळाली की आपोआप सुटेल. पण बाईंचा अर्धा तास..."

"तो संपला," बाई म्हणाल्या आणि उठल्या. धाकटीने मान खाली घातली. बाईंनी खुंटीवरची शाल घेतली. "चला."

"कुठे?"

"वर. अगं, उभा जन्म मी रंगमंचावर पेट्या उघडल्या. दागिन्यांच्या, खजिन्याच्या, विषाच्या. सगळ्या रिकाम्या. एकदा भरलेली उघडताना तरी बघू दे!"

व्हॅनमध्ये बाई पुढे बसल्या, पेटी मांडीवर घेऊन. मागे दाजी अंग चोरून बसले. प्रत्येक वळणावर बाई झाकण ओढून बघायच्या आणि म्हणायच्या, "नाही." ताई गिअर बदलायची आणि म्हणायची, "अहो, ऐकताय ना?" दाजी ऐकत होते. दुसरं करणार काय?

माथा जवळ आला. बाईंनी पुन्हा ओढलं. फुस्स असा आवाज झाला आणि झाकण वर आलं.

"उघडलं! थांबव गं गाडी!"

गाडी कठड्याशी थांबली. सगळे उतरले. धाकटीने कॅमेरा उचलला, लेन्स लावली, तेवढ्यात मागून वारा आला आणि रस्त्यावरची धूळ उठली. उघडी पेटी, उघड्या लेन्सा, आणि धूळ! दाजींच्या तीस वर्षांच्या नोकरीने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती.

"अगं धूळ!" म्हणत त्यांनी झाकण धाडकन लावलं आणि दोन्ही खटके दाबले.

मग बाई बोलल्या.

"अहो गृहस्थ!" तो आवाज शेवटच्या रांगेसाठी घडवलेला होता, समोरच्या डोंगरावर जाऊन परत आला. बाईंचं बोट उगारलेलं, केस वाऱ्यावर, शाल एका खांद्यावरून सुटलेली. "एवढा घाट चढून उघडलेलं लावता? हात मागे! दोन्ही हात मागे बांधा आणि त्या दगडाजवळ जाऊन उभे राहा! हलायचं नाही!"

दाजी दगडाजवळ गेले. बाईंचं बोट त्यांच्याबरोबर फिरलं. धाकटीने 'जरा हसा' म्हटलं नाही, 'इकडे बघा' म्हटलं नाही. ती नुसती क्लिक करत राहिली.

बाईंच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी हात पुढे केला. धाकटीने कॅमेरा दाखवला. बाई पडद्यात बराच वेळ पाहत राहिल्या.

"हा छाप," त्या म्हणाल्या. "ही बाई मला ओळखीची वाटते. पुतळ्याचे फोटो पुष्कळ झाले."

धाकटीने ताईच्या गळ्यात हात टाकले.

"मी येऊ का इकडे?" दगडाजवळून दाजींनी विचारलं.

"या," बाई म्हणाल्या. "हात मागेच."

दाजी आले, मान झटकून चष्मा कपाळावरून नाकावर पाडला आणि वाकून पाहिलं. "छान आलाय. पण यात मी कुठाय?"

"असं काय करता, दाजी?" धाकटीने बाईंच्या कपाळावरची आठी मोठी करून दाखवली. "हे काय, इथे!"

दाजींनी आठी नीट तपासली. डावीकडून, उजवीकडून.

"धड आहे," ते म्हणाले. "कुठेही तडा नाही."