थांबल्यावरचा आकडा

चौकशी चार वाजता होती. एक वाजून गेला तरी बारकीच्या हाती काही लागलं नव्हतं.

टेबलाच्या पलीकडे भिंतीजवळ, स्टुलावर तिचा थोरला भाऊ बसला होता. तेवीस वर्षं उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून काढलेला माणूस. जमिनीवरचं स्टूल त्याला मानवत नव्हतं. चहाचा कप कधीच रिकामा झाला होता, तरी हातातच होता.

"सापडलं का काही?" त्याने विचारलं.

"दादा, दर पाच मिनिटांनी विचारलंस म्हणजे लवकर सापडेल का?"

"बरं बाई. तोंडाला कुलूप."

गोष्ट अशी घडली होती. मागच्या आठवड्यात दादा लोखंडी सळ्यांचा गठ्ठा एका अर्धवट भिंतीच्या पलीकडे उतरवत होता. केबिनमधून ती जागा दिसत नाही. हूक क्रेनच्या आडव्या हातावर किती मीटर बाहेर आहे, हे समोरचा पडदा सांगतो, आणि त्याच आकड्यावर सगळी भिस्त. आकडा बाविसाच्या खाली गेला की गठ्ठा परांचीवर येतो. दादाने हूक आत घेतलं, थांबवलं, आकडा वाचला. चोवीस. मग गठ्ठा खाली सोडला, आणि तो थेट परांचीवर आदळला. एका वेल्डरच्या खांद्याचं हाड मोडलं. बाकीचे जेवायला गेले होते म्हणून वाचले.

दादा म्हणत होता, पडद्यावर चोवीस होते. पण क्रेन थांबली की त्या पडद्याचं यंत्र स्वतःच स्वतःचं चित्र काढून ठेवतं, आणि त्या चित्रात स्वच्छ एकवीस होते. माणूस खोटं बोलेल, यंत्र कशाला बोलेल? दादाचं लायसन्स आज कायमचं जाणार, हे जवळजवळ ठरल्यासारखं होतं.

आणि तो पडदा बनवला होता बारकीच्या कंपनीने. पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम, ज्याला ते लोक ड्रायव्हर म्हणतात, तो खुद्द बारकीने लिहिलेला. आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची, माझी दोन्ही पोरं ड्रायव्हर, एक क्रेनवर आणि एक खुर्चीवर.

बारकीने दादाच्या क्रेनवरचे त्या दिवशीचे सगळे संदेश मागवले होते. तेच ती टेबलावरच्या तसल्याच पडद्याला पुन्हापुन्हा देत होती. आकडा धावायचा, थांबायचा. मग ती आपल्या संगणकावर चित्र मागवून बघायची. एकवीस. सकाळपासून चौतीस वेळा एकवीस.

पस्तिसाव्यांदाही एकवीसच आले, तेव्हा तिच्या मनात गेला आठवडाभर दडवलेला प्रश्न ओठांवर आला.

"दादा, रागावू नकोस. परवा औषधाची बाटली तू हात लांब करून वाचत होतास."

दादाने कप खाली ठेवला.

"जवळचं दिसत नाही मला. खरंय. पण पडदा हातभर लांब असतो, आणि आकडे अंगठ्याएवढे. तुलाही वाटतं का, मी चुकलो?"

"मला काय वाटतं त्याने काय होतंय? चित्रात एकवीस आहेत."

"मग तुझं चित्र आंधळं आहे," दादा म्हणाला. "कारण आत्ताही हा चोवीसच दाखवतोय. मला वाटलं, तुलाही दिसतंय."

बारकीने मान वर केली. "कोण?"

"हा काय, माझ्या नाकासमोर."

ती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली. पडद्याचं तोंड भिंतीकडे होतं आणि पाठ तिच्याकडे, कारण सगळ्या वायरी पाठीला लावायच्या असतात. सहा महिने तो असाच होता. तिच्या खोलीतलं कुणीच काचेकडे बघत नसे. जे बघायचं ते यंत्राने काढून दिलेल्या चित्रात.

ती दादाच्या बाजूला गेली. काचेवर चोवीस होते. मान वळवून तिने संगणकावर पाहिलं. एकवीस. पुन्हा काचेवर. चोवीस.

"कशालाही हात लावू नकोस," ती म्हणाली, आणि मोबाईलने दोन्हींचा एकत्र फोटो काढला. मग संदेश पुन्हा सुरू केले. आकडा हलला तसा काचेवरचा चार आपोआप पुसला गेला, काही झालंच नाही अशा साळसूदपणे.

ती खाली बसली. तिला कळलं होतं, आणि कळलं ते गिळवत नव्हतं.

"मला समजेल असं सांग," दादा म्हणाला.

"आकडा लिहिणारा एक, आणि तो काचेवर दाखवणारा दुसरा. दोघांमध्ये एक फळा आहे, सामाईक. पण लिहिणारा आधी आपल्या खिशातल्या वहीत लिहितो, कारण ती हाताशी असते. त्या वहीला आम्ही कॅश म्हणतो. वहीतलं फळ्यावर उतरवलं नाही, तर दुसऱ्याला जुनंच दिसतं."

"आणि चित्र?"

"चित्र लिहिणाराच काढतो. स्वतःच्या वहीत बघून."

दादाने कपाळ चोळलं. "म्हणजे चोरालाच विचारायचं, चोरी झाली का."

"तसंच. क्रेन चालू असते तेव्हा वही भरते आणि जुनं आपोआप फळ्यावर जातं. थांबली, की शेवटचं वहीतच अडकतं."

"पण दोन बरोबर होता की. चारच चुकला."

बारकीने संगणकावर आपलाच प्रोग्राम उघडला. सहा महिन्यांपूर्वी पडदा संथ चालतो अशी ओरड होती. दर वेळी अख्खी वही उतरवण्याऐवजी बदललेला तुकडाच उतरवायचा, असं तिने ठरवलं. पडदा झपाट्याने चालायला लागला, सगळ्यांनी पाठ थोपटली. तुकडा कुठे संपतो त्या हिशोबात मात्र तिने उजवीकडची कड सोडली होती. एका आकड्याएवढी.

"ही ओळ कुणाची?" दादाने विचारलं.

"माझी."

अडीच वाजता ती साहेबांच्या खोलीत होती. साहेबांनी फोटो पाहिला, दार लावलं, पुन्हा पाहिला.

"हे बघ, चूक सापडली, उत्तम झालं. आठ दिवस दे. नवा प्रोग्राम गुपचूप सगळीकडे पाठवू. मग कळवू काय कळवायचं ते."

"चाळीस क्रेनवर हा पडदा आहे, साहेब. त्या आत्ता चालू आहेत."

"आत्तापर्यंत एकच अपघात झाला ना?"

"आणि आज चार वाजता माझ्या भावाचं लायसन्स जाईल."

"भाऊ आहे म्हणूनच सांगतोय. तुझ्यावर कोण विश्वास ठेवेल? आणि ठेवला, तर तुझं काय होईल?"

बारकी दार उघडून बाहेर पडली. परत येऊन तिने पडदा आणि आपला संगणक वायरींसकट खोक्यात भरला. खोक्याची दुसरी बाजू दादाने धरली.

"घरी दोघंही बसून राहिलो तर आई काय म्हणेल?" तो म्हणाला.

"जेवायला या म्हणेल. चल, खोकं सांभाळ."

चौकशीच्या खोलीत तीन माणसं होती. मधल्या बाई बांधकाम सुरक्षेच्या अधिकारी. त्यांनी बारकीला पडदा जोडू दिला, पण चेहऱ्यावर कंटाळा होता. पहिल्यांदा आकडा धावला, थांबला. काचेवर एकवीस. संगणकावर एकवीस.

"बरोबरच दिसतंय की," बाई म्हणाल्या.

बारकीने संदेश पुन्हा सुरू केले. दुसऱ्यांदाही एकवीस. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दादा मागून हळूच म्हणाला, "तुझ्या खोलीत हा एकटाच चालला होता. इथे तू बाजूला आणखी काय चालू ठेवलंयस?"

खरंच. तपासणीसाठी म्हणून तिने पडद्याच्या यंत्रावर सगळ्या हालचालींची नोंद सुरू ठेवली होती. त्या नोंदीनेच वही भरत होती, आणि अडकलेला आकडा आपोआप फळ्यावर उतरत होता. तिने नोंद बंद केली. आता काही लपवायला जागा नव्हती आणि पाहायला फक्त डोळे होते.

आकडा धावला. थांबला.

बाई खुर्चीवरून उठल्या, काचेपाशी वाकल्या. मग संगणकापाशी. मग पुन्हा काचेपाशी.

"हा बदल कुणी केला?"

"मी केला. सहा महिन्यांपूर्वी."

"तुमच्या साहेबांना माहीत आहे?"

"अडीच वाजल्यापासून."

बाईंनी फोन उचलला. दोन वाक्यांत बोलल्या आणि ठेवला. खिडकीतून दूरच्या बांधकामाच्या दोन क्रेन दिसत होत्या. थोड्या वेळाने एकीचा हात थांबला, मग दुसरीचा. दादा त्यांच्याकडे बघत राहिला. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्याचे खांदे सैल पडले.

सहा वाजता त्याच्या हातात कागद आला. त्याने तो हातभर लांब धरला, डोळे बारीक केले, मग मुकाट्याने बारकीकडे दिला.

"वाच गं."

तिने वाचलं. क्रेनचालकाची चूक आढळत नाही. लायसन्स कायम. तिथे ती थांबली आणि कागदाची घडी घालू लागली.

"अजून एक ओळ आहे," दादा म्हणाला. "अक्षरं दिसत नाहीत, पण ओळी मोजता येतात मला."

बारकीने घडी उलगडली. शेवटची ओळ तिच्याबद्दल होती: अपघाताला तिच्या प्रोग्राममधली चूक कारणीभूत. तीही तिने मोठ्याने, पूर्ण वाचली.