बाकूचं मासिक

ऊर्मिलाला त्या दिवशी एका जागी बसवत नव्हतं. म्युनिकजवळ गार्चिंगच्या एका संशोधन संस्थेत ती कॉम्प्युटरला जुनं छापील लिखाण वाचायला शिकवायची. सध्या टेबलावर बाकूचं एक मासिक होतं, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अझरबैजानी मुलांसाठी निघालेलं. गोष्टी, कोडी, स्वच्छतेबद्दल चार शब्द, सगळं मुलांच्या घरच्या भाषेत, पण अरबी लिपीत. प्रोग्रॅम दर ओळीला चुकत होता आणि शुक्रवारी अहवाल द्यायचा होता.

चुका तपासायला सेविंजबाई यायच्या. बाकूत तीस वर्षं शिक्षिका होत्या, आता म्युनिकला मुलाकडे राहायच्या. दोघींचं बोलणं जर्मनमध्येच व्हायचं. एका पानावर त्या थांबल्या आणि बोट न उचलता सांगू लागल्या. त्यांची आजी अशाच मासिकांवर वाचायला शिकली. तेव्हा शिकायचं म्हणजे रशियन नाहीतर फारसी. आपल्या भाषेतही वाचता येतं, हे तिला या पानांनी दाखवलं. तिने अंक ट्रंकेत जपले. पण पुढे देशाची लिपी बदलली, मग पुन्हा बदलली. सेविंजबाईंच्या आईला ते अंक वाचता येईनात.

"आणि तुम्हाला?" ऊर्मिलाने विचारलं.

"मी पस्तिसाव्या वर्षी ही लिपी शिकले. तोवर आजी गेली होती. तिला कुठली गोष्ट आवडायची, ते विचारायचं राहिलंच."

ऊर्मिला कॉफी आणायला उठली आणि कॉफी न घेताच परत आली. तिच्या घरी कपाटात अकरा वह्या पडून होत्या. नाशिकहून तिचे वडील राजाभाऊ, घरातले आबा, नातीसाठी दर महिन्याला एक वही भरून पाठवायचे: गोष्ट, कोडं, शेजारी पेनने काढलेलं चित्र. नऊ वर्षांच्या उर्जाला मराठी समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं आणि देवनागरी तर येतच नव्हती. फोनवर आबा विचारायचे आणि ऊर्मिला सांगायची, हो, आवडली तिला.

त्या संध्याकाळी यू-बान मेट्रोत जागा असूनही ती उभीच राहिली. घरी आल्या आल्या उर्जाला समोर बसवून तिने पहिली वही वाचायला घेतली. उर्जा पाचव्या ओळीला उठून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. ऊर्मिला आधी तिच्यावर चिडली, मग स्वतःवर. अहवाल एक दिवस उशिरा गेला. शनिवारी तिने आबांना फोन लावला आणि खरं ते सांगून टाकलं.

मग आबा म्हणाले, "अगं, मग मलाच वाचू दे की. कच्चं लिहिलेलं सगळं आहे माझ्याकडे. तू फक्त चित्र तिच्यासमोर धर."

रविवारी दुपारी आबा फोनवरून वाचत होते आणि उर्जा चित्रातल्या उंटावर बोट फिरवत होती. आबा दम घ्यायला थांबले, तशी तिने विचारलं, "उण्ड डान?"

"काय म्हणाली गं ती?"

"पुढे काय झालं, विचारतेय," ऊर्मिला म्हणाली.

आबा पुढे वाचू लागले. ते आता ब्याऐंशी वर्षांचे होते. ऊर्मिला कागद शोधायला उठली. उर्जाला निदान उंटाचा 'उ' तरी आजच काढून दाखवायचा होता.