मीराचा टाक

माही सवत माह्या देवघरात राहायची. आता हसू नका. आमच्या लोकांत घरातली सवाष्ण गेली की तिचा टाक करतात. अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेला बाईचा चेहरा, अन् तो देवांसंगं रोजच्या पूजेत. मीराचाही केला होता. मीरा म्हणजे आमच्या यायची, श्यामरावांची, पहिली बायको. तिची पोट्टी, अनुश्री, अंगावर पीत होती तेव्हाच ती तापानं गेली.

मी या घरात आली तेव्हा अनुश्रीले दात आले नव्हते. आता तिचं लग्न ठरलं आहे. मधल्या साऱ्या वर्षांत तिची आई मीच. कोणी सावत्र म्हटलं तर त्याचं तोंड मी जागेवर बंद केलं आहे, समता कॉलोनीत कोणत्याही बाईले विचारा. मले पोटचं लेकरू झालं नाही अन् त्याची कमीही कधी वाटली नाही.

रोज सकाळी देवांले आंघोळ घातली की मीरालेही घालायची. चिंच लावून खसाखसा घासायची अन् तोंडानं बडबड सुरू. "घे बाई, गरम पाणी. तुही पोट्टी पास झाली. तुहा नवरा पुन्हा चष्मा हरवून बसला." दुसरं कोणाशी बोलणार? हे रेल्वेतून रिटायर झाल्यापासून टीव्हीसमोर. तर अशी घासता घासता टाकावरची मीरा गेली. नाक गेलं, डोळे गेले, कुंकू लावायले कपाळ कुठं तेही कळेना. राहिला नुसता गुळगुळीत पत्रा.

अन् नेमकं तेव्हाच अनुश्रीनं, इकडंच शिकली म्हणून अर्धं हिंदीतच बोलते ती, विचारलं, "आई, मेरी माँ दिखती कैसी थी?"

मी कधी पाहिली नव्हती. फोटो म्हणाल तर लग्नाचा अल्बम रेल्वे क्वार्टरमधेच वाळवीनं खाल्ला. यायले विचारलं तर म्हणे, "चांगली होती." झालं! माणसायचं वर्णन एवढंच.

"लग्नाआधी मले एकदा पाह्यचं आहे," पोट्टी म्हणाली. "टाक दे मले. लॅबमधे नेते."

ती युनिव्हर्सिटीत रिसर्च करून राहिली आहे. धातूवर धातूचा थर चढतो तो कसा वाढतो, कुठं खडबडीत होतो, हाच तिचा विषय. तिचं म्हणणं असं, की चेहरा पुरता गेला नसंल. डोळ्याले दिसत नाहीत इतके बारीक उंचवटे उरले असतील. टाक चांदीच्या पाण्यात बुडवून करंट सोडला की पाण्यातले कण आंधळ्यावाणी भटकतात, जिथं टेकले तिथं चिकटतात. जो उंचवटा आधीच पुढं आलेला, तो येणाऱ्या कणाले आधी धरतो, म्हणून तो अजून पुढं येतो. खड्ड्यापर्यंत काही पोचतच नाही.

"हव, समजलं," मी म्हटलं. "किचनच्या एक्झॉस्टवर तेलकट धूळ अशीच चढते. एक धागा अडकला की सारं त्याच्यावरच, झुपकेच्या झुपके."

"एकदम वही, आई!" तिनं माह्या गालाचा मुका घेतला.

खरं सांगते, मले टाक द्यायचा नव्हता. आजपर्यंत या घरात आईचा चेहरा एकच होता, माहा. दुसरा आला तर पोट्टीच्या मनात कोणता राहील? पण नाही तरी काहून म्हणू? जिनं जन्म दिला तिले पाहायचा हक्क आहेच ना लेकराले. दिला.

परत आणला तेव्हा टाक काचेच्या झाकणाखाली होता. "हात नको लावू, फुंकर पण नको मारू," अनुश्री म्हणाली, "राखेसारखं नाजूक आहे." मी वाकून पाहिलं. करड्या चांदीचं शेवाळ चढलं होतं, बारीक बारीक फांद्यांचं. अन् त्या फांद्यांतून भुवया. नाक. हनुवटी.

पोट्टीचा चेहरा मात्र खुलला नव्हता. तिनं लॅपटॉप उघडला, मोठ्या मायक्रोस्कोपमधून घेतलेले फोटो दाखवले. "आई, हे फ्रॅक्टल असतं. फुलगोभीचा तुरा तोडला की तोही अख्ख्या गोभीसारखाच दिसतो ना, तसं. कितीही जवळ जा, तेच. आपण किती आत आलो हे फोटो पाहून सांगता येत नाही. पण आत गेलं की नुसत्या फांद्या दिसायले पाहिजेत. चेहरा दिसलाच तर एकदाच, वरून, ओबडधोबड. हे बघ."

तिनं उजवा डोळा मोठा केला. डोळ्याच्या बुबुळात फांद्या होत्या, अन् फांद्यांत तीच बाई. तिचा डोळा मोठा केला, त्यात पुन्हा तीच. तिच्या डोळ्यात पुन्हा. जितकं आत जावं तितकी ती तशीच, कणभर लहान नाही की मोठी नाही.

"तशीच नाही," मी म्हटलं. "ओठ पाहा."

वरच्या चेहऱ्याचे ओठ मिटलेले होते. त्याच्या आतल्याचे जरासे सुटे. त्याच्या आतल्याचे अजून. शेवटच्या फोटोत बाईनं तोंड उघडलं होतं, काहीतरी बोलायच्या बेतात असावं तसं. अनुश्रीनं लॅपटॉप फटकन बंद केला.

आम्ही यायले बोलावलं. यायनं झाकणातून पाहिलं अन् भिंत धरली. "मीरा आहे. भुवईवर खोक आहे ना, ती माह्यासमोर पडलेली, नळावर."

"मंग टाक तिच्याच चेहऱ्यावरून केला होता का?" मी विचारलं.

"नाही ना," हे म्हणाले. "सराफाच्या दुकानातून तयार आणला होता. एकाच ठशातले ढीगभर टाक होते, साऱ्यायचा चेहरा एकच. मी वरचा उचलला."

मंग त्या गुळगुळीत पत्र्यावर मीराचा उंचवटा आला कुठून? मी पोट्टीकडं पाहिलं. तिची भीती तेवढ्यात निघून गेली होती. ती झाकणावर वाकली अन् एकदम हळू आवाजात म्हणाली, "भुवया माह्यासारख्याच आहेत."

त्या दिवसापासून पोट्टी देवघराची झाली. टाक तिथंच ठेवला, अन् ती समोर मांडी घालून बसायची. लॅब सोडली. साड्या पाहायले जायचं होतं, गेली नाही. होणाऱ्या नवऱ्याचे फोन वाजून वाजून थकायचे. मी ताट वाढून हाक मारायची तर यायची, मुकाट्यानं जेवायची, ताट धुवून ठेवायची अन् परत तिकडं. पाहुणी कशी वागते, तशी.

"काहून बसून राहते तिथं?" मी एकदा ओरडलीच.

"वाढ थांबली नाही," ती म्हणाली. "करंट नाही, पाणी नाही, तरी वाढून राहिली. केस आलेत."

आले होते. काळे, बारीक, चांदीच्या कपाळावरून निघून टाकाच्या कडेवर उतरलेले. अनुश्री म्हणे हवेतल्या गंधकानं चांदीले असे काळे तंतू फुटतात, उरल्याकडच्या कारखान्यांच्या हवेत तर फुटतीलच. फुटत असतील. पण भांग पाडून फुटतात का? मी हे विचारलं तर ती टाकाकडंच पाहत "असंल" म्हणाली. अन् तेव्हा मले कळलं, की कितीक दिवसांत तिनं मले आई म्हणून हाक मारली नव्हती. ना आई, ना काही. नुसतं बोलायची.

मंग मात्र माहं डोकं फिरलं. दुपारी हे बँकेत गेले, पोट्टी जरा तिच्या खोलीत पडली. मी ओलं फडकं घेतलं अन् देवघरात शिरली. झाकण काढलं. एक हात फिरवला की सारा चुरा झाला असता. आयुष्यभर हेच तर केलं, एकदा अजून.

"मीरा," मी म्हटलं, "नवरा तुहा घेतला, घर घेतलं, त्याचा हिशेब माह्याशी कर. पोट्टीले सोड. ती माही आहे. तिच्यावाचून मी मरून जाईन, बाई."

ती पाहून राहिली होती. आता मायक्रोस्कोपची गरज नव्हती, ओठ साध्या डोळ्यालेही सुटे दिसत होते. अन् नेमकं त्या ओठांकडं पाहून माह्या मनात आलं, की ही गेली तेव्हा पोट्टीले बोलता येत नव्हतं. हिनं आई ही हाक कधी ऐकलीच नाही. मी दिवसभर ऐकली, कंटाळून 'काय गं कटकट' म्हणेपर्यंत ऐकली. हिच्या वाट्याले एकदाही नाही. मले भरून आलं. राग कुठं गेला कोण जाणे. सवत असली तरी माय होती ती.

"ऐक मंग," मी म्हटलं. "एकदा ऐक अन् जा." फडकं खांद्यावर टाकलं, झाकण बाजूलेच राहू दिलं अन् पोट्टीले बोलवायले देवघराच्या दाराशी आली.

तेवढ्यात खोलीतून हाक आली. "आई!"

काय सांगू, जिवात जीव आला माह्या. डोळ्यात टचकन पाणी आलं. ओ द्यायले मी तोंड उघडलं, अन् ओ ऐकू आली. मी दिली नव्हती. ती माह्या पाठीमागून आली होती, देवघरातून.

पोट्टी हसत बाहेर आली. किती दिवसांनी हसली असंल! सरळ माह्याकडं येऊन राहिली होती. मी दारात उभी, वाट अडवून. मी तिचा दंड घट्ट धरला. "अनु, मी इथं आहे, बेटा. इकडं पाहा, मी आहे."

तिनं माह्याकडं पाहिलं. रागानं नाही. अगदी अदबीनं, सिटी बसमधे अनोळखी बाईकडं पाहावं तसं. हळूच माहा हात सोडवला.

"आंटीजी, जरा साइड देंगे?" ती म्हणाली. "मेरी आई बुला रही है."