चिकटवलेला मनोरा

"खालपासून लावा," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि जरा सैल हातानं. गोंद आहे तो, अत्तर नाही."

बालवर्गाच्या बाईंनी निळा ठोकळा लाल ठोकळ्यावर टेकवून दाबून धरला. मुलं अजून यायची होती. ‘खेळातून शिक्षण’ कसं चालतं ते बघायला आज पाहुणे येणार होते. मागच्या खेपेला मुलांनी रचलेला मनोरा नेमका पाहुण्यांच्या बुटांवर कोसळला होता. मुलं टाळ्या पिटून हसली, पाहुणे हसले नाहीत. तेव्हापासून मोठ्या बाईंचा ठोकळ्यांवरचा विश्वास उडाला होता.

"मग मुलं खेळणार कशाशी?"

"मनोऱ्याभोवती बसतील. हात लावल्यासारखं करतील. इतकी वर्षं शिकवताय, एवढं नाही जमायचं त्यांना?"

"पाहुणे गेल्यावर सुटतील का हो हे?"

"सुटायला कशाला हवेत? पुढच्या वर्षीही पाहुणे येतीलच की."

बाईंनी पुढचा ठोकळा उचलला. शाळेत हा एकच संच होता, आणि तो रोज संध्याकाळी बाईंच्या पिशवीतून घरी जातो, सकाळी मुलांच्या आधी परत येतो, हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंच्या यजमानांनी जन्मभर विजेच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळली. अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, "हाताला खेळ द्या, लहान मुलासारखा." बाईंना हसूच आलं होतं. ज्या खेळावर त्यांचं पोट भरलं, तोच औषध निघाला. तेव्हापासून दिवसभर एक बालवर्ग आणि संध्याकाळी दुसरा. फरक एवढाच, की मनोरा पडला की शाळेतली मुलं हसत आणि घरचा विद्यार्थी भिंतीकडे तोंड करून बसे.

काल तिसरा ठोकळा टिकला होता. "उद्या चार," ते म्हणाले होते. आजारपणानंतरचं त्यांचं सर्वांत स्पष्ट वाक्य.

पाहुणे आले. देखल्या देवा दंडवत घालावा तसे मनोऱ्यासमोर वाकले, फोटो निघाले. एकानं शेंड्यावरच्या ठोकळ्याशी झगडणाऱ्या मुलीला विचारलं, "काय शिकलीस, बाळ?"

"हलत नाही," ती म्हणाली.

"वा," पाहुणे म्हणाले. "भक्कम पाया."

पाहुण्यांची पाठ फिरताच मुलांनी मनोऱ्याचा नाद सोडला आणि आपापले डबे एकावर एक रचायला घेतले. ते धडाधड पडले. वर्गात जीव आला.

शाळा सुटल्यावर बाई लोखंडी पट्टी घेऊन मनोऱ्याशी बसल्या. रंगाचा टवका उडाला, ठोकळा जागचा हलला नाही. शिपाई दारात उभा राहून बघत होता.

"राहू द्या बाई, आता घणच लागेल. भारीतला गोंद आहे."

"एवढा भारी कशाला आणलास रे?"

"शाळेनं जन्मात पहिल्यांदा भारी वस्तू आणायला सांगितली. म्हटलं, हौस करून घ्यावी."

बाई रिकामी पिशवी घेऊन घरी आल्या. यजमानांनी डाव्या हातानं टेबल पुसून ठेवलं होतं. उजवा हात कडेला ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा.

"चार," ते म्हणाले.

"अहो, आज ठोकळे नाहीत. चिकटवले."

"कुणी?"

"मीच."

ते पिशवीकडे बघत राहिले. मग हळूहळू भिंतीकडे वळू लागले. स्वयंपाकघरातले डबे आणावेत असं बाईंच्या मनात आलं. पण डबे गोल, त्यांच्या हातून निसटायचे. त्यांनी चपला न काढताच खुर्ची पुढे ओढली आणि आपला उजवा पंजा टेबलावर पालथा ठेवला. मधल्या सुट्टीत हातावर हात रचताना मुलं ठेवतात तसा.

"अहो. तुमचा डाव."

बऱ्याच वेळानं यजमानांनी डावा हात त्यावर ठेवला. बाईंनी आपला डावा त्याच्यावर ठेवला.

आता कुणाची पाळी ते दोघांनाही कळत होतं. टेबलाच्या कडेला पडलेली बोटं आधी नुसती थरथरली. मग मनगट उचललं, खाली पडलं, पुन्हा उचललं. बाईंनी मदत केली नाही; तसं करायचं नसतं, हे त्या वर्गात नव्या शिक्षिकांना नेहमी सांगत.

चौथा हात टेबलावरून सरपटत निघाला होता. खालचे तीन हात त्याची वाट बघत होते.