पार्बताबाईचा पानमळा

"हे पान माह्या मळ्यातलं नोय," पार्बताबाई म्हणाली आणि चावलेलं पान तिने डाव्या तळहातावर काढून ठेवलं.

सुभद्रा ड्यूटीवर निघाली होती. अमरावतीच्या सरकारी जनाना दवाखान्यात ती सोळा वर्षांपासून नर्स होती आणि दवाखान्याच्या मागच्या चाळीतल्या एका खोलीत राहत होती. पांढऱ्या साडीचा पदर खोचता खोचता ती म्हणाली, "मावशी, जानरावकाकानंच धाडलं ते. काल अंजनगावच्या मोटारीनं टोपली आली."

"आली असन. माह्या मळ्यातलं नोय."

एवढं बोलून म्हातारीने डोळे मिटले, आणि सुभद्राला कळलं की आता ती खोलीत नाही. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने तिची उजवी बाजू नेली, तेव्हापासून तिचं हे असंच चाललं होतं. देह लोखंडी खाटेवर आणि जीव अंजनगावच्या पानमळ्यात. शेवरीच्या उंच रांगा, त्यांना बिलगून वर गेलेले वेल, माथ्यावर पानांचं छत आणि भर वैशाखातही खाली ओलसर हिरवा अंधार. त्या अंधारात ती दिवसदिवस हिंडायची. मधूनच मोटेवरच्या गड्याला हाक द्यायची, "देवमन, तिसऱ्या वाफ्यात पाणी फोड रे!" कधी डावा हात उचलून हवेतच एखादं पान उलटं करून बघायची. चाळीतल्या बाया हसायच्या. सुभद्रा हसत नसे. आई गेल्यावर ती याच मळ्यात वाढली होती. नर्सिंगला तिला मावशीनेच घातलं होतं.

मळ्याचा कारभार जानरावकडे होता. तो पार्बताबाईच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, शेजारच्याच वावराचा मालक. झटका आला त्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि म्हातारीने मुखत्यारपत्रावर अंगठा दिला. मळ्याचं पाहणं, विहिरीचं पाहणं, सहीशिक्का, सगळं जानरावच्या हाती गेलं. दर पंधरवड्याला पानांची टोपली येई. कोणी शंका घ्यावी असं काहीच नव्हतं.

तरीही ते चावलेलं पान सुभद्राच्या मनातून जाईना. त्या रविवारी तिने सुट्टी टाकली आणि पहाटेची मोटार धरली.

पानमळ्यात चप्पल घालून जात नाहीत. वेल म्हणजे देवच. सुभद्राने सवयीने बांधाशी चपला काढल्या, मान वर केली आणि जागीच थांबली. वर आभाळ होतं. एवढं मोठं आभाळ तिने त्या जागी कधी पाहिलंच नव्हतं. शेवरीच्या काड्या झाल्या होत्या, त्यांना वाळक्या वेलींचे धागे लोंबत होते. जमिनीला भेगा पडल्या होत्या. चपला मागे ठेवून ती तापल्या मातीवरून तशीच चालत गेली, पार कोपऱ्यातल्या पांगाऱ्यापर्यंत. थाप मारली तसं त्याचं खोड पोकळ वाजलं.

विहिरीवर मोट चालू होती. पाणी थारोळ्यात पडत होतं आणि पाटाने उलट्या दिशेला, बांधापलीकडे, जानरावच्या वावरात जात होतं. तिथे नवा मळा उभा होता, गर्द, हिरवा, ऐन भरात.

मोटेवर म्हातारा देवमन होता. तिला पाहून त्याने बैल थांबवले.

"सुभद्राबाई, मले काई इचारू नका," तो म्हणाला. "मी तिकडं पाट वळवला तो याच हातानं."

जानराव घरीच भेटला. साठीचा, स्वच्छ धोतराचा, मऊ बोलणारा माणूस. त्याने घोंगडी अंथरली, गडव्यातून पाणी दिलं आणि न विचारताच सांगायला लागला.

"वयनीले झटका आला त्याच साली इहिरीनं तळ दाखवला, सुभद्रा. दोन मळे जगन इतकं पानी कुठून आणू? वयनी तं आता परत येत नाईत. म्या त्याइच्या वेलाचं बेनं काढलं अन् माह्या वावरात लावलं. वेल तं जगवला न!"

"वेल जगवला. मळा मारला."

"चोरी नाई केली बाप्पा. सगळं कागदावर हाये. वही पाहा, पावत्या पाहा."

"वही राहू द्या काका. पान्याचा कागद दाखवा."

त्याने पेटीतून कागद आणला. दर्यापूरच्या कचेरीतला, शिक्क्याचा. सुभद्राने तो मोठ्याने वाचला. विहिरीचं पाणी वीस वर्षांसाठी लिहून दिलं होतं. देणार पार्बताबाई, तर्फे मुखत्यार जानराव. घेणार जानराव.

तिचं वाचून झालं. आतल्या खोलीत जातं फिरत होतं, ते थांबलं.

"देनाराची सही अन् घेनाराची सही, दोन्ही एकाच हाताच्या हायेत," सुभद्रा म्हणाली. "मावशीनं तुमाले तिचा हात म्हणून नेमलं होतं. तिच्या हातानं तिच्याच तोंडचं पानी काढून घेतलं तुमी."

"मंग आता काय, कोर्टात खेचतेस का आमाले?"

"कोर्टाचं मंग पाहू. तुमी माह्यासंग चाला. अन् हे तिले सांगा. मी नाई सांगनार."

त्याने पुष्कळ सबबी सांगितल्या. पण तो आला. तिसऱ्या दिवशी दुपारी, हातात टोपली न घेता. खाटेशी स्टुलावर बसला. पार्बताबाई बराच वेळ त्याच्याकडे अशी पाहत राहिली, जणू तो फार लांबून, रांगांमधून चालत येत आहे.

"भाऊजी, कोपऱ्यातला पांगारा फुलला का?"

"हो वयनी, फुल..." त्याची नजर दाराशी उभ्या सुभद्राकडे गेली. तो थांबला. "नाई वयनी. वायला, खोड पोकळ झालं."

"अन् तिसरा वाफा?"

"वायला."

"शेवरी?"

"सगळाच वायला वयनी. पानी मी माह्याकडं घेतलं. बेनंबी नेलं. तुमाले पानं धाडत होतो ते माह्या मळ्यातले."

सुभद्रा पुढे झाली, तिला वाटलं आता हिचा श्वास लागेल. पण म्हातारीचा चेहरा उलट निवळला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा ती पुरती त्या खोलीत होती.

"वेल माहा, पानी माहं, फकस्त माती दुसरी," ती हळू म्हणाली. "जिभेले कळत होतं. चाळीतल्या बाया म्हनत मी भरमली." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "इहिरीनं तळ दाखवला, हे मले तवाच सांगतलं असतं तं मीच म्हटलं असतं, अर्धं पानी घ्या. सांगाले दोन वर्सं कावून लागले, भाऊजी?"

जानरावने खाली मान घातली. बाहेर कडुनिंबावर होले घुमत होते. शेवटी त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि तोंड पुसलं.

दर्यापूरच्या कचेरीत पार्बताबाईला खुर्चीवर बसवून नेलं. मुखत्यारपत्र रद्द झालं, पाण्याचा कागदही जानरावने आपल्या सहीने परत केला. कारकुनाने विचारलं, "आता नवं मुखत्यारपत्र या बाईंच्या नावानं करायचं का?"

"नाही," सुभद्रा म्हणाली. "मालकीण बसली आहे ना समोर. तिलाच विचारत जाऊ."

आषाढात शेवरी पेरली. भादव्यात ती कमरेच्या वर आली, तेव्हा जानरावने आपल्या मळ्यातून बेणं कापून आणलं आणि देवमनला हाताशी घेऊन वाफ्या-वाफ्यात लावलं. त्या दिवशी सुभद्राने मावशीला छकड्यातून नेलं. बांधावर गोधडी घालून, पाठीला तक्क्या देऊन बसवलं.

"पान कदी तुटन?" पार्बताबाईने विचारलं.

"पुढच्या भादव्यात, वयनी."

"बरं," ती म्हणाली. पुढच्या भादव्याचं तिने आणखी काही विचारलं नाही.

मोट सुरू झाली. जानरावने फावड्याने पाट फोडला. पाणी अंदाज घेत घेत, मातीचा भुगा पुढे ढकलत, एकेका वाफ्यात शिरू लागलं. माती ते पिताना बारीक आवाज करत होती. पार्बताबाई ऐकत होती. ऐकता ऐकता तिची मान एका बाजूला कलली. सुभद्राने घाईने मनगट धरलं. नाडी संथ, नीट चालली होती. म्हातारी झोपली होती.

शेवटचा वाफा भरला तेव्हा जानराव चिखलातून बांधाशी आला.

"पानी बंद करू का?" त्याने सुभद्राला विचारलं.

"मावशीले इचारा."

त्याने आजाऱ्याकडे पाहावं तशा जपणुकीने त्या झोपलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग हात वर करून देवमनला मोट हळू हाकायची खूण केली आणि फावड्यावर दोन्ही हात टेकून, घोटाभर पाण्यात, तिच्या जागं होण्याची वाट पाहत उभा राहिला.